भरपगारी रजा

विडी घरकुलात, मागच्या अंगणात
शहाबादी फरशीचे तुकडे उभे करून
बांधलेले दोन वाफे, कमरेएवढे.
गुडघे वाकत नाहीत म्हणून.

यंदा अंबाडी वीतभर वाढली आणि थांबली.
माती मुठीत घेतली तर
तंबाखूच्या चुऱ्यासारखी निसटली,
वर बोअरच्या पाण्याचा पांढरा पापुद्रा.
गांडूळ एकही नाही.

नरसव्वा म्हणाली, युरिया टाक.
नाही टाकला.
दमलेल्याला चहा पाजून पुन्हा कामाला बसवतात,
बघितलंय मी.

पापुद्रा खरवडला.
चटणीवाल्याकडून शेंगांची टरफलं आणली, पोतंभर,
लूमखालचं सूत (कोरं, रंगाचं नको),
गवंड्यांच्या म्हशीचं शेण,
आणि वर ताग, दाट.

ताग छातीला लागला.
पहिली पिवळी कळी दिसली, त्या दिवशी विळा घेतला.
शेजारची लावण्या रडवेली:
"अक्का, फुलं तरी येऊ दे की!"
पोरी, फुलला की ताग स्वतःसाठी जगतो.
कोवळा आहे तोवरच मातीचा.

गाडला. ओलं गोणपाट घातलं वरून.
दसऱ्यापर्यंत काही पेरायचं नाही.

मला हजारामागे पैसे मिळायचे.
ताप आला तरी सूप मांडीवरच.
रजा म्हणजे काय, ते आता कळतंय:
खायला घालायचं, पाणी द्यायचं,
आणि संध्याकाळी विचारायचं नाही,
आज किती झाल्या?

काल गोणपाटाचा कोपरा उचलला.
एक गांडूळ, विडीच्या दोऱ्याएवढं.
पटकन झाकलं परत.
झोपमोड नको.