पोटातलं पाणी

एस्किल त्वैतान हादरे मोजतो, सेकंदाला किती,
सीटखाली चिकटवलेल्या नखाएवढ्या यंत्रानं.
मी त्याच्या जागी असतो तर एवढंच विचारलं असतं :
पोटातलं पाणी हललं का?
नॉर्वेजियनमध्ये ही म्हण नाही,
पण पोट आहे, पाणी आहे
आणि मे महिन्यातला रस्ता आहे.

जमिनीतला बर्फ निघून जाताना रस्ता उचलून जातो,
तापत्या दुधानं साय उचलावी तसा.
डांबराला पोट सुटतं.

बॅटरी तळाशी, साडेपाचशे किलो,
सतरंजीसारखी या चाकापासून त्या चाकापर्यंत.
तिच्यामुळे वळणावर गाडी
मांडी ठोकून बसलेल्या पाहुण्यासारखी, हलायचं नाव नाही.
पण एवढं वजन पेलायचं तर स्प्रिंग ताठ हवी,
आणि ताठ स्प्रिंग
प्रत्येक बारक्या खड्ड्याची कागाळी आत आणते.

पूर्वी इंजिन होतं.
त्याच्या बडबडीत दाराची कुरकुर, रबरी बुशचा खोकला
सगळं खपून जायचं.
आता घरातलं बोलकं माणूस गेल्यावर
भिंतीवरचं घड्याळ ऐकू यावं, तसं झालंय.

एस्किलची बहीण योरुन टॅक्सी चालवते.
आठवड्यातून तीनदा हाल्फदान नेसविकला
डायलिसिसला नेते आणि परत आणते,
एका बाजूनं ब्याण्णव किलोमीटर.
ती म्हणाली, तुझा आलेख गुळगुळीत असेल,
एकदा मागे बसून बघ.

सोळा वर्षं त्यानं गाड्या जुळवल्या
त्या पुढे बसून, हातात स्टीअरिंग घेऊन.
स्टीअरिंग धरणाऱ्याला खड्डा आधी दिसतो,
अंग आपसूक सावरून घेतं.
मागच्याला तो कण्यातून कळतो, कळल्यावर.

शेजारी हाल्फदान, जन्मभर मासेमारीची जाळी सांधलेला,
डाव्या दंडावरची पट्टी उजव्या तळव्यानं दाबून.
डोळे मिटलेले.
प्रत्येक उंचवट्याला त्याची मान एकदा पुढे, एकदा मागे,
आणि मग, जेव्हा सगळं थांबायला हवं,
तेव्हा अजून एकदा.
त्या तिसऱ्या वेळेचा आकडा
एस्किलच्या कुठल्याच तक्त्यात नव्हता.

त्या रात्री त्यानं डॅम्पर उघडला.
तेल काळं, कोमट.
आतल्या चकत्या कागदाहून जराशा जाड,
एक काढली, एक पातळ घातली, पुन्हा बसवलं,
पहाटे चारला (तिथं तेव्हा उजाडलेलंच असतं)
एकटाच फिरवून आणली गाडी.
आता ती माणसाच्या चालीनं हलत होती :
चालताना आपण वरखाली होतो
आणि आपल्याला ते जाणवतही नाही,
तेवढंच.

गुरुवारी हाल्फदान खरोखर झोपला.
योरुननं आरशातून भावाकडे पाहून भुवई उडवली.
बोटींच्या शेडपाशी म्हातारा दचकून जागा झाला.
कुठे आलो? मोरी गेली का?
गेली, मघाशीच.
मग ठोका का नाही लागला?

त्याचं असं होतं की
परतीच्या वाटेवर तो कधी डोळे उघडत नसे.
अंगात त्राणच उरत नसे तेवढं.
मोरीवर गाडी धपकन बसली की त्याला समजे,
चार मिनिटांत घर.
मग तो कोटाचं वरचं बटण लावायचा.

एस्किल काही बोलला नाही.
रविवारी त्यानं पुन्हा डॅम्पर उघडला
आणि जुन्या-नव्याच्या मधली एक चकती शोधली.
मान आता दोनदाच हलते, तिसऱ्यांदा नाही.
मोरी मात्र हळूच खालून टकटक करते.

आलेखात त्या जागी एक दात वर आला.
कंपनीच्या अर्जात बदलाचं कारण लिहायचा रकाना असतो.
त्यानं बराच वेळ पेन धरून ठेवलं
आणि लिहिलं : मोरी.

दाराची कुरकुर अजून आहे.
योरुन म्हणते, ती कधी काढणार?