वाट सोडण्याची जागा

अकरा दिवसांतून एकदा मरायचा तो डबा.
क्लाक्सविकच्या धक्क्यापासून वीस मिनिटांवर,
सॅमनच्या पिंजऱ्यांमधल्या तराफ्यावर,
जिथून माशांना खाणं सोडायचा हुकूम निघतो.
पडद्यावर दोन ओळी, मग मुका.
हेरगेइर होडी काढायचा, बटण दाबायचा,
फोनवर म्हणायचा, "उठला."
माशांचा एक घास चुकायचा, एवढंच.
"एवढंच" मी म्हणायचो. तो नाही.

दोष पकडायला मी कोडमध्ये एक ओळ घातली:
छाप, "इथवर आलो."
दोष नाहीसा.
ओळ काढली, परत हजर.
दिवा लावला की पाहुणा होणारा चोर.

रान्वा म्हणाली, छापायला वेळ लागतो ना?
तेवढ्यात दुसरा निघून जातो.
म्हणजे दोघं आहेत.

दोघंच होते.
एक प्रोसेसर जोडणी बंद करतोय:
टायमर रद्द केला, जागा मोकळी केली.
दुसऱ्यावर तोच टायमर,
रद्द व्हायच्या केसभर आधी वाजलेला,
उंबरठा ओलांडून आत आलेला,
आणि आत घरच नाही.

रद्द केला म्हणजे थांबला, असं धरून चाललो होतो.
लग्न मोडलं तरी निघालेलं वऱ्हाड
वाटेत असतंच.

वर शेरा होता, एकोणीस वर्षांपूर्वीचा:
"इथे एका वेळी एकच येतो. काळजी नको."
खाली आद्याक्षरं. माझीच.
तेव्हा खरं होतं ते.
तेव्हा यंत्राला प्रोसेसरच एक होता.

पहिली दुरुस्ती रागात केली.
कुलूप लावलं, आणि किल्ली मुठीत धरून
टायमरचं काम संपायची वाट पाहत बसलो.
टायमर आत उभा, तीच किल्ली मागत.
आता डबा चाळीस मिनिटांत गोठला.
मेला नाही. नुसता ताटकळला.
"दोघंही तुझ्यावर गेलेत," रान्वा म्हणाली.

शनिवारी हवन्नासुंदला बहिणीकडे निघालो,
वाळवलेल्या मेंढीची तंगडी मागच्या सीटवर,
जुन्या बोगद्यातून, जो एकाच गाडीपुरता.
डोंगराच्या पोटात समोरून उजेडाचा ठिपका.
ज्याच्या हाताला खोबण, त्यानं बाजूला व्हायचं;
हे आम्ही बापाशेजारी बसून शिकतो.
शिरलो खोबणीत. दिवे मंद केले.
मासळीचा ट्रक गेला,
त्याच्या वाऱ्यानं गाडी हलली,
आणि लक्षात आलं,
मी थांबलोय,
पण वाटेत उभा राहून नाही.

बहिणीच्या स्वयंपाकघरात, बूटसुद्धा न काढता,
विजेच्या बिलामागे लिहिलं:
आधी यादीतून नाव खोड, म्हणजे नवं कुणी येणार नाही.
मग कुलूप सोड.
मग थांब, आत गेलेला बाहेर येईपर्यंत.
मग घर पाड.
बहीण म्हणाली, कुणाचं घर?

सोमवारी रान्वानं तीनदा वाचलं.
"आणि जाता जाता त्यानं स्वतःला पुन्हा लावून घेतलं तर?"
यादीत नाव नसेल तर नाही लावणार.
"तो बघतो यादी?"
बघत नव्हता.
आणखी एक ओळ.

जुना शेरा खोडला. त्या जागी लिहिलं:
"इथे दोघं भेटतात."
या वेळी पूर्ण नाव घातलं,
शिव्या द्यायला सोपं जावं म्हणून.

तेवीस दिवस झाले.
दोष गेला, की नुसती गाठ चुकतेय,
हे सांगणारी घंटा कुठे वाजत नाही.
हेरगेइर बाराव्या दिवशी सवयीनं जाऊन आला म्हणे.
डबा गुणगुणत होता.
मग तराफ्यावर बसून त्यानं आपली भाकरी खाल्ली,
आणि खाणं पडल्यावर पाणी कसं उसळतं
ते पहिल्यांदा नीट पाहिलं.