बावीस वार मरून

बँडवाल्यांनी ऑर्डर मोडली त्या साली
बावीस वार मरून टेरिकॉट
ताडवाडीच्या दुकानात वरच्या फळीवर पडून होतं.
वालावलकर आले. म्हणाले, क्लब काढलाय, पगारी.
अकरा जर्सी पाहिजेत, पैसे मागाहून.
मी विचारलं, पगार कशाचा?
फुटबॉल खेळायचा.
टेप गळ्यात तशीच, मी हसत सुटलो.
लाथा मारायचा पगार!
माझ्या बापाने तर जन्मभर फुकट खाल्ल्या.

एका जर्सीला दोन वार. अकरात कापड संपलं.
बारावा पोरगा थांगबोई, मणिपूरचा,
गाडी चुकल्यामुळे मापाला उशिरा आला.
त्याच्या बाह्या मी काळ्या अस्तराच्या लावल्या.
त्यामुळे तो लांबूनही ओळखू यायचा,
आणि चुकला की शिव्याही बरोबर त्यालाच पोचायच्या.

पहिल्या मॅचला आम्ही नऊजण होतो,
त्यातले दोघे गोडाऊनचे वॉचमन, ते ड्युटीवर.
कुंदा नार्वेकर गोदीच्या हॉस्पिटलातून
रात्रपाळी करून सरळ मैदानात यायची,
पहिला हाफ बाकावर झोपायची.
कॉर्नर मिळाला की उठवा, एवढंच सांगून.
कधी कधी तिला उठवायची वेळच यायची नाही.
घामात टेरिकॉटचा रंग सुटला.
सामना झाल्यावर पोरं सदरे काढायची तेव्हा
पाठी अशा, जणू कोणी फोडून काढलंय.
तसं फोडलेलंही होतंच. पाच शून्य.

सुलेमान मास्तर बुडालेली विसार मागायला आला
आणि मला मैदानात शोधत पोचला.
कुंपणाला धरून बराच वेळ उभा राहिला.
म्हणाला, टेलर, हे आमचं कापड पळतंय.
चातुर्मास होता. लग्नं नाहीत, वराती नाहीत,
बँडवाले घरात बसून बायकांच्या नजरा चुकवत होते.
पुढच्या रविवारी मास्तर मोठा ढोल घेऊन आला,
मागे दोन क्लॅरिनेट, एक झांजवाला,
आणि गजाबा, ज्याला वाजवता काहीच यायचं नाही,
पण जो बँडच्या पुढे चालायचा.

दोन वर्षं अशी गेली. आषाढ ते कार्तिक आमचा आवाज,
तुळशीचं लग्न लागलं की आम्ही मुके.
मुहूर्त आणि फिक्स्चर जुळवायला
वालावलकर पंचांग घेऊन असोसिएशनच्या ऑफिसात गेले होते म्हणतात.
मी तेव्हा नव्हतो, पण ते जातील असे होते.

तिसऱ्या साली शेवटची मॅच. जिंकलो तर राहू,
नाहीतर खालच्या डिव्हिजनात. मार्गशीर्ष.
ढोल सुपारीवर. आम्ही सत्तरएक माणसं,
बिस्किटाचा डबा बडवत, हात सुजवत.
एक एक. घड्याळात काही उरलं नाही,
थांगबोईने पाय घालून कॉर्नर काढला.
कुंदा उठली, कोणी न उठवता.
आणि भिंतीपलीकडच्या रस्त्याने वरात आली.
घोडा, गॅसबत्त्या, बेंडबाजा,
आणि मध्येच, सिनेमाचं गाणं अर्ध्यावर सोडून,
मास्तरचा ढोल आमच्या तालावर.
नवरदेव काय म्हणाला असेल कोण जाणे.
वरात जागीच थांबली.
थांगबोईने चेंडू ठेवला, दोन पावलं मागे सरला,
तेवढ्यात रेफरीने शिट्टी मारली.

पोरगा पुढे दुप्पट पगारावर कलकत्त्याला गेला.
जाताना काळ्या बाह्यांची जर्सी परत द्यायला आला,
धुऊन, घडी करून. रंग जवळजवळ उरला नव्हता.
आता क्लबचे सदरे कंपनीचे येतात,
घाम शोषतात, छातीवर सिमेंटचं नाव.
नातू म्हणतो, तुमच्यापेक्षा चांगली शिलाई.
खरं आहे. बघितली मी उलटी करून.

वालावलकर वारले तेव्हा त्यांचा मुलगा दुकानात आला.
बाबांच्या डायरीत तुमचं नाव आहे,
काही येणं बाकी?
मी वही काढली. अकरा जर्सी, शिलाई, बटणं,
बाराव्याचं अस्तर वेगळं. तारीख, रक्कम, सगळं होतं.
वही मिटली. म्हटलं,
पैशाचं काही नाही.
एक कॉर्नर बाकी आहे.