हात पिवळे

माझे हात दोनदा पिवळे झाले.
एकदा हळदीने, खडकी बाजारच्या चाळीत,
फिलोमिना मावशीने कोपरापर्यंत चोळली होती.
दुसऱ्यांदा फॅक्टरीत, दारू भरायच्या खात्यात.
तो पिवळा लिंबाने जात नाही, राखेने जात नाही,
मिस्साला हात जोडले की बरोबर डोळ्यांसमोर येतो.

सिरिलचे एकदाही झाले नाहीत.
धाकटा माझा. लग्न नाही, फॅक्टरी नाही.

त्रेसष्टला कॉलेजात कवायत सक्तीची झाली.
मी बूट घेऊन दिले, कॅम्पातून खाकी शिवून आणली,
पट्ट्याचं पितळ रात्री बसून घासलं.
त्याने सगळं घातलं. मैदानावर गेला.
रायफल हातात आली तेव्हा मात्र
गवतावर ठेवली, हळू,
झोपलेलं पोर मांडीवरून खाली ठेवतात तशी.
'मला जमणार नाही, सर.'
'हात दुखतो का?'
'नाही सर. हात बरा आहे.'

एवढंच.
हजेरी भरली नाही, वर्ष गेलं.
कुणीतरी आमच्या दारावर खडूने 'चिनी' लिहिलं.
आईने ओल्या फडक्याने पुसलं
आणि पुसता पुसता शिव्या त्यालाच घातल्या.

फादर म्हणाले, 'न्यायाचं युद्धही असतं, बाळा,
थोरामोठ्यांनी लिहून ठेवलंय.'
हा म्हणाला, 'कुठल्या पानावर?'
आणि ते पान शोधायला म्हणून लॅटिन शिकला.

चाळीस वर्षं.
नगर रोडच्या सेमिनरीत पुस्तकांना नंबर घालायची नोकरी,
सायकल होळकर पुलावरून, कॅरियरला डबा,
डब्याखाली कुणा मेलेल्या बिशपची पत्रं.
पासष्टला खिडक्यांना काळे कागद लावले
तर तो कागदांच्या आत मेणबत्तीवर वाचत बसला.
मी दुसऱ्या पाळीला.

एकदा जेवताना सांगत होता,
आफ्रिकेतल्या एका पोराचं, रोमन राज्यातलं.
फौजेची शिशाची खूण गळ्यात घालून घेईना,
मान कापली त्याची.
'बापाने नवा कोट शिवला होता रे त्याच्यासाठी,'
एवढं बोलून माझ्याकडे बघत राहिला.
मी म्हटलं, भाजी वाढ.

एकाहत्तरला मी विचारलंच.
डबल ओव्हरटाइम, डोकं भणभणलेलं,
'मग माझी भाकरी कशी चालते तुला?'
तुकडा त्याच्या हातातच होता.
पुष्कळ वेळ गेला. आमटी निवली.
'चालत नाही,' म्हणाला. 'पण भूक लागते.'
आणि खाल्ली.

त्याच डिसेंबरात मी त्याला कोश घेतला,
लॅटिनचा, दोन भाग, रद्दीवाल्याशी घासाघीस करून.
आठ दिवस त्याने शिवला नाही.
नवव्या दिवशी बघतो तर
कव्हर घालत बसलाय, खळ लावून,
माझ्याच फॅक्टरीच्या खाकी कागदाचं.

पुस्तक निघालं त्याचं, तीनशे प्रती.
दोनशे दहा अजून पलंगाखाली आहेत.
ते पान सापडलं का, हे मी विचारायचं राहिलं.
कधी वाटायचं सापडलं असणार,
आणि आवडलं नसणार.

गेला तेव्हा आंघोळ मीच घातली.
उजव्या मधल्या बोटाला शाई होती.
घासली नाही.

सेमिनरीची माणसं पुस्तकं न्यायला आली,
कोशाचा दुसरा भाग उचलला तर
आतून माझी पगाराची चिठ्ठी डोकावत होती,
डिसेंबर एकाहत्तर, ओव्हरटाइमची ओळ
शिसपेन्सिलीने अधोरेखित.
ज्या शब्दापाशी ठेवली होती
तो शब्द मी बोट लावून बघितला.
लॅटिन. मला कुठलं येतंय?

चिठ्ठी होती तिथेच सारली, भाग देऊन टाकला.
तेवढ्यात भोंगा झाला
आणि माझे पाय चपला शोधायला लागले.
रिटायर होऊन नऊ वर्षं झालीत.