चौदा लिटर

ही खोकी लिटरमध्ये मोजतात, दुधासारखी.
ओत्सोला त्याचं हसू आलं नाही.
त्याच्या खिशात सत्तर युरो होते,
शेजाऱ्यांच्या अंगणातला बर्फ उपसून जमवलेले,
आणि दप्तरात, लोकरी मोज्यात गुंडाळलेलं
कुणीतरी वापरून विकलेलं ग्राफिक्स कार्ड.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
इथे पाय आधीच पसरले होते,
दोनशे सदुसष्ट मिलिमीटर,
आणि अंथरूण शोधायचं होतं.

सिर्कानं आधी काचेचं दाखवलं.
आत पंखे लाल, निळे, जांभळे,
जत्रेतला पाळणा रात्री दिसतो तसे.
काच नको, तो म्हणाला.
मग एक पांढरं, उभं, फ्रिजच्या धाकट्या भावासारखं.
त्यानं त्याला कवेत घेऊन पाहिलं, परत ठेवलं.
मांडीवर मावणार नाही.
मांडीवर?
बसमध्ये.

औलूहून केमीला दीड तास लागतो.
दर रविवारी, अंधारातच.
एक आठवडा आईकडे, एक बाबांकडे,
हे तो बोलला नाही.
बोलला एवढंच, की बसच्या पोटात सामान आपटतं.
सिर्का तीस वर्षं या काउंटरमागे उभी आहे.
तिनं पुढचं विचारलं नाही,
शिडी ओढली.

छोटं खोकं स्वस्त नसतं, ती वर चढताना म्हणाली,
या धंद्यात जितकं कमी घ्याल तितके पैसे जास्त.
छोटा मदरबोर्ड महाग, छोटा पॉवर सप्लाय त्याहून महाग.
माझा मोठाच आहे, तो खालून म्हणाला, जुना.
माहीत आहे. मीच विकला होता तुझ्या आईला.

सगळ्यात वरच्या फळीवरून आलं ते
करडं, एका कोपऱ्यात पोचलेलं,
कुणाचा तरी स्टिकर अर्धा खरवडलेला,
आणि डोक्यावर मूठ.
खरी मूठ, लोखंडी, हात आत जाईल अशी.
पंचावन्न युरो.
ओत्सोनं आधी तेच केलं,
उचललं, दुकानात दोन फेऱ्या मारल्या,
दारापर्यंत, परत.

मग मोजपट्टी.
आत जागा दोनशे साठ.
सात मिलिमीटर कमी.
तांदळाचा एक दाणा आडवा येतो कधीकधी.
दोघं बराच वेळ त्या दाण्याकडे बघत राहिले.

पुढचा पंखा काढला तर? तो म्हणाला.
गरम होईल.
उन्हाळ्यात.
हो, उन्हाळ्यात.
खिडकीबाहेर उणे बावीस होतं.
सिर्कानं स्क्रू-ड्रायव्हर त्याच्या हातात दिला.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं.
या बर्फात विंचू कुठला,
पण बिऱ्हाड असतंच, चौदा लिटरचं, साडेसात किलोचं,
आणि पाठ पंधरा वर्षांची.

उरलेल्या पंधरा युरोंत
तिनं त्याला पॉवर केबल घ्यायला लावल्या. दोन.
एक तिथे ठेव, एक इथे.
तेवढं तरी वाहायला नको.
मग पैसे मोजता मोजता, त्याच्याकडे न बघता,
आणि हे बघ, घरात नेलंस की लगेच चालू करू नकोस.
गारठलेलं लोखंड उबेत आलं की घाम फुटतो त्याला,
आत पाणी धरतं, सगळं जळून जाईल.
दोन तास नुसतं ठेव.
घराची सवय होऊ दे.

केमीला, रविवारी रात्री,
बाबांच्या दारातल्या पायपुसण्यावर
ते खोकं घामेजून बसलं आहे.
शेजारी ओत्सो, बूट काढलेले, कोट अंगात.
बाबांनी सूप गरम केलं,
दोनदा येऊन पाहिलं,
तिसऱ्यांदा विचारलंच, आत का येत नाहीस?

थांबा, तो म्हणाला,
मुठीवर हात ठेवून,
अजून गार आहे.