उघाडीची फळी

माझ्या बापाकडे खारबांधाच्या उघाडीची फळी होती.
काम एवढंच:
ओहोटीला उचलायची, भरतीला टाकायची,
मधल्या वेळात विडी ओढत
पाण्याकडे बघत बसायचं.
सहा गावांचा शिधा होता त्याला.
भात, दोन नारळ, शिमग्याला एक धोतर.

मग शिधा आटला, फळी कुजली.
बाप गेला त्या वर्षी उधाण
आमच्या भातात येऊन बसलं
पाहुण्यासारखं,
आणि उठेना.
विहीर मचूळ झाली. चहात दूध फाटायला लागलं.

सभा शाळेत भरली, मुलांच्या बाकांवर
मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन.
नदीचं वरचं अंग लांज्यात, खालचं राजापुरात;
दोन तालुके, दोन नकाशे, दोन शिक्के.
नदीला हे कुणी कळवलेलं नव्हतं.

पहिला तास भांडणात गेला.
वरचे म्हणाले, समुद्र तुमचा, तुम्ही बघा.
खालचे म्हणाले, रान तुम्ही विकलंत, ट्रक भरभरून.
एकानं विचारलं, निवडणूक कधी आहे?

तेव्हा रुकय्या होडेकर उठली.
मुळे काढते ती, मांडीएवढ्या चिखलात.
पिशवीतून डालड्याचा डबा काढला
आणि मास्तरांच्या टेबलावर उपडा केला.
खाडीचा चिखल काळा असतो,
वास मारणारा, जिवंत.
हा तांबडा होता.
"ह्याच्यात मुळे गुदमरतात," ती म्हणाली.
"ज्याची माती असेल त्यानं न्यावी."

मागच्या बाकावरून धाकू झोरे आला,
धनगरवाड्यातला.
साठ वर्षांत त्यानं खाडी पाहिली नव्हती.
चिमूट घेतली, बोटांत चुरली, जिभेला लावली.
"खारटलीय," म्हणाला,
"पण आमच्याच सड्याखालची आहे.
तिथं ऐनाचं रान होतं."
मग त्यानं डबा मागून घेतला
आणि माती दोन्ही हातांनी परत भरली,
माहेरी निघालेल्या पोरीची पिशवी भरावी तशी.

पुढचं सगळं इतकं देखणं नाही.
सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आठशे मागितल्या,
तीनशे आल्या, त्यातल्या निम्म्या फाटक्या.
खारव्यांच्या पोरांनी चढावर दगड वाहिले,
चढाची सवय नसलेल्या पायांनी, शिव्या देत.
भादव्यात वरच्या बायका खाली उतरल्या
ओच्यात कांदळाच्या शेंगा घेऊन;
रोवताना एकीची चप्पल गेली ती गेलीच.
"खाडीनं विसार घेतला," रुकय्या म्हणाली.

पहिला बांध पुढच्या पावसात वाहून गेला.
दुसरा राहिला.
तिथं आता चैत्रापर्यंत डबकं असतं,
धाकूच्या म्हशींच्या पाठी भिजतील एवढं.
शेंगा जगल्या शंभरातल्या चाळीस.
मी मोजल्या.
मोजायला बापानं शिकवलं होतं,
फळीवर, खिळ्यानं, पाण्याच्या खुणा करत.

नवी फळी ऐनाची नाही. ऐन आता कुठाय.
रुकय्याच्या सासऱ्याची मोडकी होडी होती, तिची आहे;
एका कडेला अजून निळा रंग,
आणि कुणाच्या तरी नावातलं अर्धं अक्षर.
शिधाही सुरू झालाय, जमेल तसा.
वरून नाचणी, खालून सुकी मासळी,
दोन गावांकडून अजून नुसतं आश्वासन.
मी धोतर घेऊन काय करू,
म्हणून शिमग्याला मला बॅटरी दिली.

रात्रीच्या भरतीला ती घेऊन जाते.
फळी टाकते.
पाणी येऊन तिला टेकतं
आणि लाकूड जरा कुरकुरतं,
होडीच्या दिवसांतलं काही आठवल्यासारखं.

विहीर अजून मचूळच आहे.
पण परवा चहात दूध फाटलं नाही.
मी दुसरा कप ठेवला,
खात्री करायला.