मंगळवार, गुरुवार, सव्वासहा

डॉक्टर म्हणाला, दांगुओले,
तू बावन्नची, पण तुझी मान सत्तरीची आहे.
असेल.
एकोणीस वर्षं क्रेनच्या केबिनमध्ये बसून
दोन गुडघ्यांमधल्या फटीतून खाली बघितल्यावर
आणखी कशी राहणार?
पायाखाली काच,
काचेखाली चाळीस मीटर वारा,
वाऱ्याखाली क्लाइपेदाचं बंदर.
मी माणसांना टाळूकडून ओळखते.

म्हणून ही शाळेची जिम.
भिंतीला त्याच लाकडी दांड्या
ज्यांना लटकायला मी तिसरीत साफ नकार दिला होता.
कॅन्टीनमधून उकडलेल्या कोबीचा वास.
चटई भाचीची, जांभळी,
तिच्या मांजराचे केस अजून चिकटलेले.

शिकवणारी स्काइस्ते सव्वीस वर्षांची.
तिच्या पाठीत हाडं भरलीत की नाही
हे एकदा कस्टमवाल्यांनी उघडून बघायला हवं.

पहिल्या दिवशी नुसतं उभं राहायचं होतं.
नुसतं उभं राहायचे पैसे!
ताडासन, ती म्हणाली, म्हणजे डोंगर.
डोंगर व्हा.

आमच्या देशात डोंगर नाही.
एक टेकडी आहे सगळ्यांत उंच,
तिच्यावर बटाट्यांची पिशवी घेऊन
माझी आत्या न थांबता चढायची, वर बोलायची पण.
उंच असं मी एकच काही जवळून पाहिलंय,
तेव्हा डोळे मिटून मी क्रेन झाले.
पाय रुळांवर. डोक्यावर लाल दिवा.
स्काइस्ते म्हणाली, छान, अगदी डोंगर.

मग वाकायचं.
वीस टनांची पेटी मी
बोटभर जागेत, न खणकता, ठेवते.
आणि इथे माझीच बोटं
माझ्याच पायांपर्यंत पोचेनात.
नडग्यांपाशी अडकून लोंबकळत राहिली,
वारा वाढला की आम्ही काम थांबवतो
तशी.

पाचव्या आठवड्यात एक माणूस उशिरा आला,
माझ्या शेजारी घोंगडी पसरली त्यानं.
टक्कल. कान बाहेर आलेले. मोज्याला रफू.
स्काइस्ते म्हणाली, खाली, अजून खाली,
आणि तो स्वतःच्याच कमरेला पुटपुटला,
हळू... हळू... थांब. बसली.

हा आवाज माझ्या कानात राहतो.
पिवळं हेल्मेट, नंबर चार.
वायदोतास.
एकोणीस वर्षं वॉकीटॉकीतून मला
डावीकडे नेणारा, उजवीकडे नेणारा,
धुक्यात एकदा रात्रभर नुसता बोलत राहिलेला.
पगाराच्या रांगेत मागेपुढे उभे असू कधी,
पण हेल्मेट काढल्यावर
मी कशी ओळखणार?

त्यानंही मान दाखवली होती डॉक्टरला.
त्याची उलटी गेलीय.
इतकी वर्षं वर बघून बघून.
वर म्हणजे,
माझ्याकडे.

मी काही बोलले नाही. घोटे बघत राहिले.

शेवटी दिवे मंद करतात.
आता शवासन, स्काइस्ते म्हणते, काहीच करू नका.
अर्थ सांगत नाही ती. तिनं वाटलेल्या कागदावर
खाली बारीक अक्षरांत आहे तो;
अठ्ठ्याहत्तरच्या झितानं चष्मा लावून वाचला,
म्हणाली, असं होय,
आणि सगळ्यांच्या आधी आडवी झाली.

आम्हीही झालो. तो आणि मी, एका उंचीवर,
ही पहिलीच वेळ.
छताच्या लोखंडी पट्टीत
एक व्हॉलीबॉल अडकलाय, कधीचा कोण जाणे,
हवा जाऊन चपटा झालेला.

अंधारात तो हलकेच म्हणाला, दिसतोय?
दिसतोय.
किती?
हातभर डावीकडे, मी म्हटलं.
अजून. अजून थोडा.

शूऽऽ, म्हणाली स्काइस्ते.